ब्लॉग फुकटात चालवा, पत्ता मात्र विकत घ्या
नवीन ब्लॉग सुरू करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर

"भाऊ, फुकटात होऊन राहिलं तर होस्टिंगचे पैसे काहून द्यायचे?" काउंटरवर सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं खरं उत्तर आमच्या धंद्याला फारसं सोयीचं नाही. बहुतेक नव्या ब्लॉगना पहिलं वर्षभर तरी होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, विकत घ्यायची गरज नसते. सावजी रश्शाची कृती असो, ताडोबाचे फोटो असोत, काटोल-नरखेडच्या संत्रा बागांवरची माहिती असो की एमपीएससीच्या नोट्स, आठवड्याला एक-दोन पोस्ट टाकणाऱ्याला ब्लॉगर (गूगलचं फुकट ब्लॉग चालवायचं साधन) पुरून उरतं.

एका बाबतीत तर ते स्वस्त होस्टिंगपेक्षा दणकट आहे. मारबतीच्या मिरवणुकीवर लिहिणाऱ्याकडे वर्षभर शुकशुकाट असतो आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सगळे वाचक एकदम येतात. कमी दराच्या शेअर्ड होस्टिंगवर अशा वेळी '५०८ रिसोर्स लिमिट' असा संदेश झळकतो, कारण एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात आणि प्रत्येकीला प्रोसेसर-मेमरीचा ठरावीक वाटाच मिळतो. ब्लॉगर गूगलच्या सर्व्हरवर चालतं, तिथे ही अडचण येत नाही.

मग पैसे कुठे घालायचे? पत्त्यात, म्हणजे डोमेनमध्ये. डोमेन हा तुमचा मोबाइल नंबर समजा आणि होस्टिंग हा हँडसेट. हँडसेट कितीही वेळा बदला, नंबर तोच राहिला तर कोणाला काही कळवावं लागत नाही.

जी चूक सर्वांत महागात पडते

ग्राहक ब्लॉगरच्या '...डॉट ब्लॉगस्पॉट डॉट कॉम' या फुकटच्या पत्त्यावर सुरुवात करतात. तोच पत्ता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो, फेसबुक पेजवर जातो, व्हिजिटिंग कार्डावर छापला जातो. दीड-दोन वर्षांनी दीडशे पोस्ट झाल्या, गूगलवर नाव दिसू लागलं की आमच्याकडे येतात: "आता याला वर्डप्रेसवर न्या, पण जुन्या लिंक चालू राहू द्या."

दुखणं इथेच आहे. लिंक हलवायची रीत म्हणजे ३०१ रीडायरेक्ट. जुन्या पत्त्याचा सर्व्हर ब्राउझरला आणि गूगलला सांगतो, हे पान कायमचं अमुक ठिकाणी गेलं. पण ब्लॉगस्पॉटचा सर्व्हर तुमचा नाही. त्यातली 'कस्टम रीडायरेक्ट' सोय त्याच ब्लॉगच्या आतल्या पानांपुरती चालते, बाहेरच्या साइटकडे नाही. उरतो तो टेम्प्लेटमध्ये जावास्क्रिप्ट टाकून वाचकाला पुढे ढकलण्याचा जुगाड. त्याने वाचक पोहोचतो, पण शोधात मिळवलेली जागा पूर्ण सोबत येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आम्हीही देत नाही.

'वर्डप्रेस डॉट कॉम'च्या फुकट खात्याचंही तेच, फक्त तिथे रीडायरेक्टची सोय वेगळे पैसे भरून मिळते आणि पुढे दरवर्षी भरत राहावे लागतात. शिवाय त्या फुकट खात्यात स्वतःचं डोमेन जोडता येत नाही, जागा १ जीबी, जाहिराती त्यांच्या, आणि तुमचं गूगलच्या जाहिरातींचं अ‍ॅडसेन्स लावता येत नाही. (इथे गोंधळ होतो म्हणून: 'वर्डप्रेस डॉट कॉम' ही एका कंपनीची सेवा आहे. आम्ही होस्टिंगवर बसवून देतो ते वर्डप्रेस हे फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कुठल्याही सर्व्हरवर चालतं.)

हाच ब्लॉग पहिल्या दिवसापासून स्वतःच्या डोमेनवर असता तर काम बरंच सोपं असतं. ब्लॉगरचे पत्ते वर्ष, महिना, नाव आणि शेवटी 'डॉट एचटीएमएल' अशा घडणीचे असतात. वर्डप्रेसच्या पर्मालिंक (पोस्टचा कायमचा पत्ता) सेटिंगमध्ये तीच घडण बसवली, इम्पोर्टर या साधनाने पोस्ट-कॉमेंट आणल्या आणि डोमेन नव्या सर्व्हरकडे वळवलं की पोस्टच्या जुन्या लिंक जशाच्या तशा उघडतात. फोटो तेवढे तपासावे लागतात. पोस्ट आत आल्या तरी फोटोंच्या लिंक पुष्कळदा गूगलच्या सर्व्हरकडेच राहतात, ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात. नाहीतर जुना ब्लॉग डिलीट केल्यावर चौकटी रिकाम्या दिसू लागतात. म्हणून नवीन साइट नीट बघितल्याशिवाय जुना ब्लॉग पुसू नका, नुसता खासगी करून ठेवा.

स्थलांतराचे पैसे वेगळे का घेता, अशी तक्रार आमच्याकडे येते. फुकटच्या पत्त्यावरून आणताना प्रत्येक पोस्टची आतली लिंक, फोटो आणि जुना-नवा पत्ता यांची जोडी हाताने जुळवावी लागते. स्वतःच्या डोमेनवरचा ब्लॉग असेल तर आम्ही निम्मेच आकारतो, कारण तिथे मेहनतच कमी आहे.

डोमेन ब्लॉगरला जोडताना

'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम' साधारण वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतं, कधी थोडं जास्त, वर १८ टक्के जीएसटी. जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा बघा. ब्लॉगर डोमेन जोडण्याचे पैसे घेत नाही.

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'पब्लिशिंग'खाली 'कस्टम डोमेन' आहे. तिथे पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावूनच नाव टाका. सेव्ह केल्यावर लाल अक्षरांत त्रुटी येते. घाबरून खिडकी बंद करू नका, पुढे लागणारी माहिती त्या त्रुटीतच असते. त्यात दोन सीनेम (एक पत्ता दुसऱ्याकडे वळवणाऱ्या नोंदी) दिलेले असतात. पहिला 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू', ज्याचं लक्ष्य 'जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम'. दुसरा फक्त तुमच्या ब्लॉगसाठीचा कोड. दोन्ही रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) डीएनएस पॅनलमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या पानावर टाकायचे.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता ब्लॉगवर येणाऱ्या वाचकांसाठी चार ए रेकॉर्ड (डोमेनला सर्व्हरच्या आकडी पत्त्याशी जोडणाऱ्या नोंदी) लागतात: २१६.२३९.३२.२१, २१६.२३९.३४.२१, २१६.२३९.३६.२१ आणि २१६.२३९.३८.२१. पॅनलमध्ये अर्थात इंग्रजी आकड्यांत. मग ब्लॉगरमध्ये 'रीडायरेक्ट डोमेन' चालू करा.

हमखास दोन ठिकाणी अडतं. एक, होस्ट नावाच्या चौकटीत पूर्ण डोमेन लिहिलं जातं. पॅनल मागे आपणहून डोमेन जोडतं, त्यामुळे नाव दोनदा येतं आणि ब्लॉगरला काहीच सापडत नाही. तिथे नुसतं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' हवं. दोन, रजिस्ट्रारने आधीच टाकलेला पार्किंगचा ए रेकॉर्ड तसाच राहतो. मग कधी ब्लॉग दिसतो, कधी 'हे डोमेन घेतलेलं आहे' असं पान. जुना रेकॉर्ड काढून टाका.

बदल काही मिनिटांत दिसू शकतो, पण २४ तास धरून चाला, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले असतील तर ४८. दर दहा मिनिटांनी रेकॉर्ड पुन्हा बदलत बसलात तर काम लांबेल. एचटीटीपीएसचं, म्हणजे सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र (एसएसएल) ब्लॉगर स्वतः देतं. आधी सेटिंग्जमध्ये 'एचटीटीपीएस उपलब्धता' चालू करा, ती तयार झाल्यावरच 'एचटीटीपीएस रीडायरेक्ट'. उलट क्रमाने केलं तर ब्राउझर वाचकाला धोक्याचा इशारा दाखवतो.

देवनागरी मथळा आणि लिंक

मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. ब्लॉगर मथळ्यातली फक्त रोमन अक्षरं लिंकमध्ये घेतं. मथळा पूर्ण देवनागरीत असेल तर लिंक होते 'ब्लॉग-पोस्ट', पुढची 'ब्लॉग-पोस्ट' आणि एक आकडा, पुढेही तसंच. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या 'पर्मालिंक'मध्ये 'कस्टम' निवडून रोमन लिपीत तीन-चार शब्द लिहा. प्रकाशित झाल्यावर पोस्ट मसुद्यात परत नेल्याशिवाय ते बदलत नाही.

वर्डप्रेस उलट वागतं. ते देवनागरी लिंक बनवतं, पण आत प्रत्येक अक्षर आणि मात्रा टक्क्यांच्या खुणांसह नऊ चिन्हांत साठवतं. मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे बावीसेक अक्षरांनंतर लिंकचा पुढचा भाग कापला जातो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की टक्क्यांची लांबच लांब रांग दिसते. तिथेही 'स्लग' (लिंकमधलं पोस्टचं नाव) रोमनमध्ये लिहा.

पैसे केव्हा द्यायचे

ऑर्डर किंवा फी ऑनलाइन घ्यायची असेल, सभासदांपुरती पानं ठेवायची असतील, फॉर्मची उत्तरं स्वतःच्या साइटवर साठवायची असतील, किंवा ब्लॉगरचे टेम्प्लेट खरोखर अपुरे पडत असतील, तर होस्टिंग घ्या. "वर्डप्रेस भारी दिसतं" एवढंच कारण असेल तर सहा महिने थांबा. वर्डप्रेस घेतलं की अपडेट आणि बॅकअपची जबाबदारीही येते.

घेताना ५ ते १० जीबी जागा भरपूर झाली. 'अनलिमिटेड' लिहिलेलं दिसलं तर अटींमध्ये इनोडची, म्हणजे फाइलच्या संख्येची मर्यादा बघा. वर्डप्रेस एका फोटोच्या पाच-सहा आकाराच्या प्रती बनवतं, त्यामुळे जागेआधी ही मर्यादा संपू शकते. मोबाइलमधला ४ एमबीचा फोटो सरळ चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेल करा, वजन दोनशे केबीच्या आत आणा. सर्व्हर मुंबईत असेल तर अमेरिकेतल्यापेक्षा पान लवकर उघडतं. एसएसएल प्रमाणपत्राचे वेगळे पैसे साध्या ब्लॉगसाठी कोणी मागत असेल तर देऊ नका. 'लेट्स एन्क्रिप्ट' या सेवेचं फुकट मिळतं, आम्ही तेच लावतो. आमच्या प्लॅनमध्ये रोजचा बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर जातो. दर थोडा जास्त आहे तो त्यामुळे.

जे होस्टिंग पूर्ण फुकट, वर वर्डप्रेसही देतो म्हणतं, त्यापासून दूर राहा. ट्रिपलझीरोवेबहोस्ट ही त्यातली मोठी सेवा. २०१५ मध्ये तिथून १ कोटीहून अधिक खात्यांचे पासवर्ड उघड्या मजकुरात फुटले, आणि २०२४ मध्ये ती बंद झाली. 'डॉट टीके' वगैरे फुकट डोमेन वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली.

ब्लॉगरमध्ये धोका आहे तो खात्याचा. जीमेल लॉक झालं की ब्लॉगही हातातून जातो. घरातल्या दुसऱ्या माणसाचं जीमेल 'अ‍ॅडमिन' म्हणून जोडा आणि महिन्यातून एकदा बॅकअप फाइल उतरवून ठेवा.

येताना काय आणायचं

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवरच घ्या. साइट बनवून देणाऱ्या पुतण्याच्या किंवा ओळखीच्या पोराच्या नाही, आणि आमच्याही नाही. पोरगं नोकरीसाठी पुण्याला गेलं की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि रिन्यूअल राहून जातं. मुदत संपलेलं 'डॉट कॉम' सवलतीच्या काळात नेहमीच्या दराने मिळतं, त्यानंतरच्या ३० दिवसांत सोडवायला जबर दंड लागतो, आणि मग ते कोणालाही घेता येतं. म्हणून दुसऱ्याच्या नावावरच्या डोमेनचं काम आम्ही हातात घेत नाही. आधी नाव बदलून आणा म्हणतो. काहींना राग येतो, इलाज नाही.

सोबत रजिस्ट्रारचं लॉगिन, ब्लॉगचं जीमेल आणि ओटीपी येणारा मोबाइल चार्ज करून आणा. आधीचा ब्लॉग असेल तर बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर घ्या. आमच्याकडून डोमेन घेतलं तर ब्लॉगरला जोडून द्यायचे पैसे नाहीत. बाहेरून घेतलेलं असलं तरी जोडून देतो, त्याची फी काउंटरवर लिहिलेली आहे. शनिवारी संध्याकाळी डीएनएसचे बदल आम्ही करत नाही, कारण काही अडकलं तर रजिस्ट्रारकडे दाद लागते ती सोमवारीच.