तंबाखूचा अपाय फक्त ओढणाऱ्यालाच होतो का?
तंबाखूचा अपाय खाणाऱ्या-ओढणाऱ्यापुरताच असतो, पिकवणाऱ्याला मात्र ती हमखास रोख पैसा देते, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला तरी तो खरा नाही. दवाने किंवा पावसाने भिजलेली पाने खुडून काखेत धरून नेताना त्यांतील निकोटीन पाण्यात उतरते आणि कातडीवाटे रक्तात जाते. मग मळमळ, उलट्या, डोकेदुखी, चक्कर सुरू होते. ज्याने कधी विडीला हात लावला नाही त्याला हा त्रास अधिकच होतो, कारण त्याच्या शरीराला निकोटीनची सवय नसते.

सिगारेटसाठी लागणारी बरीचशी पाने भट्टीत कित्येक दिवस उष्णता देऊन वाळवतात, आणि मलावी, टांझानिया या देशांत त्यासाठी लागणाऱ्या सरपणाने तिथल्या मिओम्बो नावाच्या विरळ, कोरड्या जंगलांवर मोठा ताण आणला आहे.

रोख पैशाचे म्हणाल, तर कराराच्या शेतीत, म्हणजे खरेदीदाराशी आधीच करार करून पीक घेताना, बियाणे आणि खते उधारीवर मिळतात, ती उधारी विक्रीतून आधी कापून घेतली जाते, आणि पानांची प्रत, म्हणजेच भाव, बहुधा खरेदीदारच ठरवतो. घरच्या बायकामुलांची मजुरी तर या हिशेबात धरलीच जात नाही. २००५ साली अमलात आलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण कराराने कलम १७ मध्ये शेतकऱ्यांसाठी पर्यायी उपजीविकेची आणि कलम १८ मध्ये पर्यावरण व आरोग्य यांच्या रक्षणाची तरतूद केली, ती याच कारणांसाठी.