फिलिपाइन्सच्या शाळा आणि घरची भाषा

ऑक्टोबर २०२४ मध्ये फिलिपाइन्समध्ये नवा कायदा झाला आणि बालवाडी ते तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचा नियम गेला. आता माध्यम पुन्हा फिलिपिनो (टागालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा) आणि इंग्रजी. प्रादेशिक भाषा मदतीपुरत्या. शाळेत कोणती भाषा, या वादाची मुळे मात्र खूप जुनी आहेत.

स्पॅनिश काळात शिक्षण पाद्र्यांच्या हाती होते. १८६३ च्या राजाज्ञेने गावोगावी मुलांची एक आणि मुलींची एक अशा मोफत शाळा काढायचे ठरले, भाषा स्पॅनिश. मग अमेरिकन आले. १९०१ च्या कायद्याने इंग्रजी लादली गेली आणि त्याच ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ जहाजातून सुमारे ५०० अमेरिकन शिक्षक मनिलात उतरले. शाळा झपाट्याने वाढल्या, हे श्रेय त्या राजवटीला द्यायलाच हवे. पण १९२५ च्या मन्रो पाहणीत, म्हणजे शाळांच्या सरकारी तपासणीत, दिसले, की बहुतेक मुले चौथीच्या पुढे जातच नाहीत आणि परकी भाषा हा मोठा अडसर आहे.

१९४० मध्ये जास्त मुलांना सामावून घ्यायला प्राथमिक शाळेतली शेवटची इयत्ता, सातवीच काढून टाकली. एकाच शिक्षकाने सकाळी एक, दुपारी दुसरा वर्ग घ्यायचा. दहा वर्षांचे शालेय शिक्षण तेव्हापासून चालत आले, ते २०१३ च्या ‘के टू ट्वेल्व्ह’ (बालवाडी ते बारावी) कायद्याने बारावीपर्यंत वाढेपर्यंत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इलोइलो प्रांतातला प्रयोग. १९४८ पासून तिथे काही शाळांत पहिली-दुसरी हिलिगायनोन या स्थानिक भाषेतून शिकवली, काहींत इंग्रजीतून. घरच्या भाषेतली मुले गणितात आणि समाजविषयांत पुढे निघाली. तिसरीत माध्यम इंग्रजी झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी इंग्रजीतही दुसऱ्या गटाला गाठले. १९५७ मध्ये देशभर पहिल्या दोन इयत्तांत स्थानिक भाषा आल्या. १९७४ च्या द्वैभाषिक धोरणाने त्या मागे पडल्या: गणित-विज्ञान इंग्रजीत, समाजविषय राष्ट्रभाषेत. सेबू बेटावरच्या, घरी सेबुआनो बोलणाऱ्या मुलाला यातली एकही घरची नाही.

२०१२ पासून मातृभाषा परतली, शेवटी १९ भाषांत. पुस्तके अपुरी, शिक्षकांना प्रशिक्षण तुटपुंजे, ही तक्रार खरीच होती. पण त्यावर भाषाच काढून टाकणे हा उपाय पटत नाही. २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत ७९ देश-प्रदेशांत फिलिपाइन्स वाचनात तळाला राहिला आणि मातृभाषेवर बोट ठेवणाऱ्यांना जोर आला. त्या चाचणीला बसलेली १५ वर्षांची मुले पहिलीत गेली, तेव्हा हा नियम देशभर लागूच झालेला नव्हता. ती शिकली होती इंग्रजी आणि फिलिपिनोतूनच.