रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंय : ११ ते १८ वर्षांच्या मुलामुलींच्या पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या समुपदेशन केंद्रात येणारे बरेच पालक जाडजूड फाईल घेऊन येतात. रक्त, लघवी, शौच सगळं तपासून झालेलं असतं, सोनोग्राफीही झालेली असते आणि रिपोर्ट नॉर्मल असतात. तरी सोमवारी सकाळी पोट पुन्हा दुखतंच. तोवर घरात दोन तट पडलेले असतात. एकाचं म्हणणं, शाळा बुडवायचं निमित्त आहे. दुसऱ्याला वाटतं, डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी निसटतंय. हे पत्रक दोघांनीही वाचावं, शक्यतो एकत्र बसून.

दुखतं म्हणजे खरोखरच दुखतं

आतड्यांच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं. त्यात १० कोटींहून अधिक पेशी असतात आणि त्यांचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. भीती वाटली की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून मळमळतं आणि घास उतरत नाही. मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, म्हणून पेपरच्या आधी पोटात मुरडा येतो. हे तुमच्या-आमच्याही बाबतीत घडतं. काही मुलांच्या आतड्यांतले मज्जातंतू जास्त हळवे झालेले असतात, कधी जुलाब-उलट्यांच्या आजारानंतर, कधी सततच्या ताणानं. मग साधा गॅस फिरला तरी त्यांना कळ येते. कळ आली की 'वर्गात असं झालं तर?' ही धास्ती, आणि धास्तीनं पुन्हा कळ. सोनोग्राफीत पोटातल्या अवयवांची रचना दिसते, मज्जातंतूंचा हळवेपणा दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतो.

डॉक्टरांच्या कागदावर याला बहुधा 'फंक्शनल अ‍ॅब्डॉमिनल पेन' (अवयवांच्या रचनेत दोष नसताना होणारी पोटदुखी) किंवा 'आयबीएस' (पोटदुखीसोबत शौचाचंही तंत्र बिघडणं) असं लिहिलेलं असतं. हा प्रकार दुर्मीळ नाही. ब्रिटनमधले बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी १९५८ साली १००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा साधारण दहातल्या एका मुलाला असं वारंवार पोटदुखीचं दुखणं असल्याचं आढळलं होतं.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली एक ओळ पालकांची झोप उडवते : पोटात लहान गाठी दिसल्या. या वयात अशा बारीक लसिकाग्रंथी निरोगी मुलांतही दिसतात. ताप नाही, वजन घटत नाही, डॉक्टरांना काळजीचं काही वाटत नाही, तर त्या ओळीवरून टीबीची भीती मनात धरू नका, आणि मुलासमोर तर त्याची चर्चा मुळीच नको.

आधी डॉक्टर

आम्ही समुपदेशक आहोत. औषधं देत नाही आणि पोटाचं निदानही करत नाही. बालरोगतज्ज्ञांनी एकदा नीट तपासलेलं असलंच पाहिजे. वजन कमी होणं, उंची खुंटणं, वयात येणं लांबणं, शौचातून रक्त, वारंवार उलट्या, रेंगाळणारा ताप, गिळताना त्रास, सांधे सुजणं, झोपेतून उठवणारी कळ किंवा रात्रीचे जुलाब, जवळच्या नात्यात आतड्यांचा दीर्घ आजार, यातलं काहीही असेल तर आमच्याकडे येण्याआधी त्यांना पुन्हा दाखवा. मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखा आणि दुखण्याच्या तारखा ताडून पाहा. पाळीचं दुखणं असेल तर त्यावर वेगळे आणि चांगले उपचार आहेत.

दोन प्रसंगी मात्र थांबायचंच नाही. बेंबीभोवती सुरू झालेली कळ उजवीकडे खाली सरकली आणि चालताना, उडी मारताना वाढली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, ते अपेंडिक्स असू शकतं. आणि मुलाच्या ओटीपोटात अचानक जोराची कळ आली तर अंडकोष दुखतोय किंवा सुजलाय का, हे वडिलांनी स्पष्ट विचारावं. मुलं लाजेनं फक्त 'पोट दुखतंय' म्हणतात. अंडकोषाला पीळ पडला असेल तर हातात जेमतेम सहा तास असतात.

सकाळ सुधारली की बरंच सुधारतं

ज्या मुलांशी आम्ही बोलतो, त्यांच्यातली कित्येक शाळेत शौचाला जातच नाहीत. कडी नसते, पाणी नसतं, मित्र हसतात. सकाळी घरी वेळ नसतो, कारण रिक्षा साडेसहाला दारात. दिवसभर दाबून धरलं की मळ घट्ट होतो, आतडं ताणलं जातं आणि दुखतं. मूल रोज शौचाला जात असलं तरी पोट पूर्ण साफ होत असेलच असं नाही. हे आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण वाढत्या वयाची मुलं हे आपणहून सांगत नाहीत आणि पालकांनी विचारायचं सोडलेलं असतं.

उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. अर्धा तास लवकर उठवा. आधी काहीतरी पोटात जाऊ द्या, अर्धी पोळी, केळं, थोडे पोहे, काहीही. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. म्हणून त्यानंतर दहा मिनिटं शौचालयात निवांत बसू द्या. फोन बाहेर, दारावर थापा नाहीत. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा. यासाठी रात्रीची झोप लवकर हवी. शिकवणीहून नऊला येऊन बारापर्यंत जागणाऱ्या मुलाला हे जमणार नाही, तेव्हा शिकवणीच्या वेळेचाही फेरविचार करावा लागेल.

दूध बंद, गहू बंद, डाळ बंद असं एकेक बंद करत जाऊ नका. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही वगळायचं नाही. जेवण वेळेवर हवं, थंड पेयं आणि तळकट कमी. आजीनं बेंबीला हिंग लावला, ओवा चावायला दिला तर खुशाल. पण अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप घरात ठेवून रोज एक देणं, किंवा उपाशीपोटी पेनकिलर देणं, हे थांबवा.

काय बोलायचं, काय नाही

'आज दुखतंय का?' हा प्रश्न रोज सकाळी विचारू नका. प्रेमापोटी विचारला तरी मुलाचं सगळं लक्ष पोटाकडे जातं. अमेरिकेतल्या संशोधक लिन वॉकर यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मुलांना भरपूर पाणी प्यायला देऊन पोट जड केलं होतं. ज्यांचे पालक पोटाबद्दलच बोलत राहिले त्या मुलांच्या तक्रारी वाढल्या, ज्यांनी दुसरा विषय काढला त्यांच्या कमी झाल्या.

मुलानं आपणहून सांगितलं तर एकदा मनापासून ऐका : 'दुखतंय, कळलं मला. गरम पाण्याची पिशवी देते, पाच मिनिटं श्वास घेऊ, मग निघू.' नाकानं चार अंक मोजत श्वास, पोट फुगू द्यायचं, आणि सहा अंक मोजत हळू सोडायचा. हे बरं वाटत असताना रोज रात्री करून घ्या. ऐन कळेच्या वेळी पहिल्यांदा शिकवलं तर जमत नाही.

'नाटकं बंद कर', 'ताईला कधी असं झालं नाही' ही वाक्यं घरातून काढून टाका. दहावीचं वर्ष असेल तर टक्क्यांचा विषय जेवणाच्या ताटावर नको.

शाळा चुकवू नका, पण जबरदस्तीही नको

दुखणं पूर्ण थांबल्यावर शाळेत पाठवू, असं ठरवलं तर बहुधा उलटं होतं. घरी राहिलेल्या प्रत्येक दिवसानंतर शाळा आणखी अवघड वाटते. आमच्या मते आधी शाळा सुरू व्हावी, दुखणं त्यामागून कमी होत जातं. फार दिवस बुडाले असतील तर पहिल्या आठवड्यात दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. वर्गशिक्षिकांना भेटून एवढंच मागा : न विचारता शौचालयात जायची मुभा, आणि कळ आली तर दहा मिनिटं बसायला शांत जागा. घरी फोन करून लगेच बोलावून घेणं शेवटचा उपाय.

घरी थांबलंच तर तो आजारपणाचा दिवस असू द्या. अंथरूण, मऊ भात, पुस्तक. मोबाईल आणि टीव्ही नाही.

मात्र एकाच वाराला, एकाच तासाला किंवा एकाच माणसाचं नाव निघालं की दुखत असेल, तर आधी कारण शोधा. वर्गातली दादागिरी, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची चेष्टा, कुणाचा नकोसा स्पर्श, हे सगळं पोटदुखीच्या रूपानं बाहेर येतं. तिथे शाळेत पाठवण्याचा आग्रह धरू नका. मूल छळाबद्दल बोललं तर १०९८ या चाइल्डलाइनवर मदत मिळते. मूल सतत उदास असेल, जगण्यात अर्थ नाही असं म्हणत असेल, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आमच्याकडे येताना

पहिल्या भेटीत आम्ही आधी तुम्हा सगळ्यांशी आणि मग मुलाशी एकट्याशी बोलतो. त्यानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला सांगत नाही, जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. पुढच्या भेटींत विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी पद्धत वापरतो. या दुखण्यात तिचा उपयोग होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. सगळी फाईल आणा. गेल्या दोन आठवड्यांची साधी नोंद आणा : कधी दुखलं, आधी काय घडलं होतं, शौच कधी झाली, शाळा किती वेळ झाली. नोंद मुलानं स्वतः केलेली असेल तर उत्तम. आई आणि बाबा दोघांनीही यावं, आणि घरात आजी-आजोबांचा शब्द चालत असेल तर त्यांनाही घेऊन या.