कोकणकडा आणि इंद्रवज्र

सह्याद्रीत कडे पुष्कळ आहेत. तरीही हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर जाऊन आलेला माणूस इतर कड्यांविषयी फारसे बोलत नाही. याचे कारण उंचीपेक्षा आकारात आहे, असे मला वाटते. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या या गडाची पश्चिम बाजू नुसती सरळ तुटलेली नसून अर्धवर्तुळासारखी आत वळलेली आहे, आणि माथ्याचा खडक खालच्या खडकाच्या पुढे आलेला आहे. काठावर पालथे पडून पाहिले तर कड्याची भिंत नजरेला पडत नाही. मध्ये नुसती हवा असते आणि जवळजवळ हजार मीटर खाली बेलपाडा गावाच्या बाजूचे कोकण.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थर या भिंतीवर आडव्या पट्ट्यांच्या रूपात स्पष्ट दिसतात. सगळे थर सारखे टणक नसतात. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला थर लवकर झिजतो, त्याच्यावरचा घट्ट थर आधाराविना पुढे राहतो आणि कधीतरी कोसळतो. सह्याद्रीची पश्चिमेकडची भिंत अशा झिजेने पूर्वेकडे मागे सरकत आली आहे.

पावसाळ्यात समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या भिंतीला अडून सरळ वर चढतात, चढताना थंड होतात आणि दरी ढगाने भरून जाते. वाऱ्याचा जोर इतका असतो की काठावरून खाली पडू पाहणारे पाणी उलटे माथ्यावर उडते. पाऊस उघडला, ढग काठाच्या आतबाहेर राहिला आणि सूर्य पाठीशी आला, की त्या ढगावर पाहणाऱ्याची सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. गडावर जाणारे लोक त्याला इंद्रवज्र म्हणतात.

मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री सायक्स यांनी हे दृश्य या गडावर पाहिले आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात, दख्खनच्या हवामानावरील आपल्या निबंधात, त्याचे वर्णन केले. कोकणातून चढलेले धुके कड्याच्या माथ्याइतके वर आले होते, पण पठारावर आले नव्हते. सूर्य पाठीमागे अगदी खाली होता. आणि वर्तुळाच्या मधोमध सायक्स, त्यांचा घोडा आणि सोबतची माणसे यांच्या सावल्या होत्या. त्या आपल्याच सावल्या आहेत यावर बरोबरच्या माणसांचा विश्वास बसेना, म्हणून ती हातपाय हलवून पाहू लागली. शास्त्रीय निबंधात इतकी जिवंत नोंद क्वचितच सापडते.

सायक्स यांनी याला गोल इंद्रधनुष्य म्हटले असले, तरी हे इंद्रधनुष्य नव्हे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत घडते आणि त्याची कोनीय त्रिज्या, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत डोळ्याशी होणारा कोन, सुमारे ४२ अंश असते. इंद्रवज्र ढगाच्या सूक्ष्म थेंबांत घडते, ज्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असतो, आणि त्याची त्रिज्या काही अंशांचीच असते. थेंब जितके लहान, तितके वलय मोठे. थेंब एकाच आकाराचे असतील तर रंग स्वच्छ उमटतात आणि एकाबाहेर एक अशी अनेक वलयेही दिसतात. प्रत्येकाला वलय स्वतःच्याच डोक्याभोवती दिसते, शेजाऱ्याच्या नाही. विमानातून दिसणाऱ्या अशा वलयाचे केंद्र तर विमानाच्या सावलीत आपली जागा नेमकी कुठे आहे, तेही दाखवते.

खरी अडचण पुढेच आहे. वलय आपल्या सावलीभोवती दिसायचे, तर प्रकाश थेंबातून जवळजवळ आला त्याच दिशेला परत फिरायला हवा. प्रकाश थेंबात शिरून, आतून एकदा परावर्तित होऊन बाहेर पडतो, एवढेच धरले तर थेंबाच्या कडेला स्पर्श करणारा किरण आला त्या दिशेला पूर्णपणे परत फिरू शकत नाही. सुमारे १४ अंश कमी पडतात. डच शास्त्रज्ञ व्हान डे हुल्स्ट यांनी १९४७ मध्ये सुचवले की प्रकाशाची लहर थेंबाच्या पृष्ठभागाला चिकटून थोडे अंतर कापते आणि ही तूट भरून निघते. अशा परत आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून रंगांची वलये तयार होतात.

या वलयाने भौतिकशास्त्राला एक अनपेक्षित देणगीही दिली. १८९४ मध्ये स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत चार्ल्स विल्सन यांनी ते पाहिले आणि प्रयोगशाळेत कृत्रिम ढग तयार करण्याचा ध्यास घेतला. त्यातून अणूहून सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारी मेघपेटी घडली आणि १९२७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कोकणकड्याचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे इंद्रवज्रासाठी सकाळ सोयीची असते. सूर्य चढू लागला की वलय दरीत खाली खाली उतरत जाते. इतर डोंगरांवर ते अशा वेळी पायाखालच्या उताराआड जाते. इथे काठाखाली उतारच नसल्यामुळे ढग टिकला तर बराच वेळ त्याचा पाठलाग करता येतो. मात्र तो पालथे पडूनच करावा, कारण आपण ज्या खडकावर असतो त्याच्या खाली पोकळी असते आणि पावसाळ्यात काठ शेवाळाने निसरडा झालेला असतो.