नागपूरची हिरवाई नेमकी कोणाची?

निवडणुका आल्या की पत्रकांवर हमखास एक ओळ असते: ‘नागपूर हिरवं ठेवलं ते महापालिकेनं.’ ही अर्धवट गोष्ट आहे. महाराजबाग कृषी महाविद्यालयाची, म्हणजे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. सेमिनरी हिल्सवरचं जंगल आणि अंबाझरीचं जैवविविधता उद्यान वनविभागाचं. गोरेवाड्याचं प्राणिसंग्रहालय वनविकास महामंडळाचं. श्रेय वाटून घ्यायला हरकत नाही, पण तक्रार घेऊन भलत्याच दारात उभं राहण्यात अर्धा दिवस जातो.

महापालिकेचं खरं काम कुठे आहे, तर तुमच्या-आमच्या कंपाउंडमध्ये. ‘झाड माझ्या प्लॉटवर, मग परवानगी कशाला?’ हा दुसरा, जास्त महागात पडणारा गैरसमज. १९७५ च्या राज्य कायद्यानुसार शहरात खासगी जागेतलं झाडही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. अर्ज आला की झाडावर नोटीस लावायची असते. जुनं घर पाडून फ्लॅट स्कीम येतेय, तिथल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर चिकटवलेला तो कागद थांबून वाचा. हरकत नोंदवायची संधी तेवढीच, आणि बिल्डर काही तुम्हाला बोलवायला येणार नाही.

याच कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. झाड तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अटही घातली. साठ वर्षांचं झाड, साठ रोपं. ती जगली की नाही, हे मात्र मोहल्ल्यातल्या लोकांनीच विचारायचं.