ती तशीच, की तिची वेळ तशी?

ठाणे स्टेशन, दहा नंबरचा फलाट, सकाळची पनवेल गाडी. दारात उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलीला ढकलून एक बाई आत शिरली. "काय उद्धट आहे!" मुलगी पुटपुटली. चौथ्या सीटवर टेकलेल्या मावशी म्हणाल्या, "अगं, ही गाडी सुटली की लेटमार्क. तीन लेटमार्कना अर्धा दिवस कापतात."

ढकलणं एकच, पण मुलीने कारण बाईच्या स्वभावात शोधलं आणि मावशींनी तिच्या परिस्थितीत. परिस्थिती न बघता स्वभावावर बोट ठेवण्याच्या सवयीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ साली 'मूलभूत' चूक म्हटलं. मग ती जगभर सारखीच असणार, असंच बरेच जण धरून चालले.

मानसशास्त्रज्ञ जोन मिलर यांनी ते तपासून पाहिलं. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात शिकागो आणि म्हैसूर इथली माणसं होती: ८, ११ आणि १५ वर्षांची मुलं, शिवाय मोठी माणसं. ओळखीतलं कुणी चांगलं वागलं, कुणी वाईट वागलं, ते सांगा आणि तसं का वागलं तेही सांगा, एवढाच प्रश्न. मोठ्यांची उत्तरं वेगळी निघाली. अमेरिकन लोक स्वभावाकडे जास्त वळले, म्हैसूरचे लोक नात्यांकडे, जबाबदाऱ्यांकडे, प्रसंगाकडे.

म्हैसूरच्या एकाने अपघाताची गोष्ट सांगितली. मोटरसायकलवर मागे बसलेला माणूस पडून जखमी झाला. चालवणारा वकील त्याला इस्पितळात सोडून कोर्टात गेला आणि जखमी माणूस दगावला. सांगणाऱ्याने वकिलाला दुष्ट ठरवलं नाही. अशिलासाठी कोर्टात उभं राहणं हे त्याचं कर्तव्यच होतं, असं तो म्हणाला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मुलांची गोष्ट. आठ वर्षांच्या मुलांत दोन्हीकडे फारसा फरक नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे माणसं वाचायची ही रीत जन्मजात नाही. घरात, ओट्यावर, डब्यात मोठ्यांचं बोलणं ऐकत मूल ती उचलतं.

म्हणून 'आपण समजूतदार, ते कठोर' असं म्हणायला मी धजावत नाही. 'स्वभावाला औषध नाही' हेही आपल्याच घरांत ऐकू येतं. ऐरोलीला ती बाई धावत उतरली. घणसोली येईपर्यंत मावशी फोनवर जावेबद्दल सांगत होत्या, "तिचा स्वभावच तसला."