दातांवरचा आळ

बाळ सात-आठ महिन्यांचे झाले आणि त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, की घरातील वडीलधारी मंडळी 'दात येताहेत' असा निर्वाळा देतात. दात त्या वयात येतातच, त्यामुळे हा आळ सहज खपतो. पुढे 'टाळू पडली' म्हणून बाळाला दवाखान्यात नेले जाते, तेव्हा शरीरातील पाणी बरेच कमी झालेले असते. पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली तर ती सावकाश पूर्ववत होते.

या जुलाबांमागे बऱ्याचदा रोटाव्हायरस नावाचा विषाणू असतो. त्याच्यावरची लस सरकारी कार्यक्रमात येण्यापूर्वी भारतात जुलाबांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलांच्या शौचात तो सापडत असे. हा विषाणू १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. तो चाकासारखा दिसतो, म्हणून 'रोटा'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चाक.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्या टोकांवरील ज्या पेशी अन्नरस शोषतात आणि दुधातील साखर पचवतात, नेमक्या त्याच पेशी हा विषाणू नष्ट करतो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, शिवाय विषाणूचे एक प्रथिन पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते. मात्र ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी यंत्रणा बरीचशी शाबूत राहते. ओआरएसचे, म्हणजे ग्लुकोज आणि क्षार मिसळलेले पाणी याच वाटेने शरीरात शिरते.

अर्थात प्रत्येक जुलाब रोटाव्हायरसचा नसतो. शौचात रक्त आणि शेम असेल, ताप असेल, मूल कुंथत असेल, तर शिगेला जिवाणूचा संशय घेऊन प्रतिजैविक द्यावे लागते. कुपोषित मुलात रेंगाळणाऱ्या जुलाबांमागे क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असू शकतो, आणि तो पाण्यातील नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. परंतु पाण्यासारख्या साध्या जुलाबांसाठी पालक जे 'स्ट्राँग औषध' मागतात, ते विषाणूचे काहीच बिघडवत नाही. ओआरएस, झिंक आणि अंगावरचे दूध यांनाच तिथे खरे महत्त्व आहे.

रोटाव्हायरस स्वच्छ, सधन घरांतही पोहोचतो, म्हणून लस लागते. रोटाव्हॅक या भारतीय लशीतील विषाणूचा वाण दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात नवजात बाळांत सापडला. त्यांना संसर्ग झाला होता, जुलाब मात्र नव्हते. २०१६ पासून रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात आली. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल ही दुसरी भारतीय लस. तोंडाने द्यायच्या तिच्या तीन मात्रा सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात असतात, म्हणजे बहुतेक बाळांचा पहिला दात दिसण्याआधीच.